हिरवा ठोका

आमच्या माजघरातल्या कोनाड्यात रास्पबेरी पाय ४ आहे. पत्त्यांच्या जोडाएवढा संगणक. त्याच्या कोपऱ्यावर दोन दिवे, एक लाल, एक हिरवा, दोन्ही तिळाएवढे. गच्चीवरच्या पर्जन्यमापकाची नोंद हा संगणक ठेवतो, पण घरात ओळख आहे ती हिरव्याची. अप्पा रात्री पाणी प्यायला उठले की आधी कोनाड्याकडे बघतात.

घरी आला तेव्हा हिरवा चंचल होता. कधी एका दमात दहा-बारा वेळा लुकलुकायचा, कधी कितीतरी वेळ गप्प. त्याच्या लहरीपणालाही कारण होतं. मेमरी कार्डावरून काही वाचलं गेलं किंवा त्यावर काही लिहिलं गेलं की उजळायचं, हीच त्याची मुळातली नेमणूक. आणि वीज आल्यावर, लिनक्स जागं होण्याआधीचे काही क्षण तर तो फर्मवेअरच्या हुकमात असतो. त्या वेळी तो ठरावीक मोजून लुकलुकला तर ती तक्रार समजायची: ४ वेळा म्हणजे सुरुवातीची फाइल सापडत नाही, ७ वेळा म्हणजे कर्नलच सापडत नाही.

कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा. एकदा तो उभा राहिला की हिरवा त्याच्या ताब्यात जातो. लिनक्समध्ये अशा प्रत्येक दिव्याचं एक फोल्डर असतं आणि त्यात ‘ट्रिगर’ नावाची फाइल. ती डिस्कवर कुठेच नसते. आपण वाचायला गेलो की कर्नल त्या क्षणी उत्तर तयार करून देतो. उत्तरात कामांची लांबलचक यादी येते: टायमर, मेमरी कार्ड, प्रोसेसर, नेटवर्क, हार्टबीट. सध्याचं काम चौकटी कंसात असतं. त्या फाइलीत दुसरं नाव लिहिलं की दिव्याची बदली झाली. एका वेळी एकच धनी. शेजारच्या ‘ब्राइटनेस’ फाइलीत शून्य लिहिलं, तर दिवा नुसता विझत नाही, सोपवलेलं कामही सोडून देतो.

ही व्यवस्था २००६ साली रिचर्ड पर्डी यांनी लिनक्समध्ये आणली. कर्नलमधली घटना एकीकडे, दिवा दुसरीकडे, आणि दोघांची गाठ वापरणाऱ्याने मारायची. मला यातला मोठेपणा फार उशिरा कळला. दिवा बनवणाऱ्याला घटना माहीत नसते, घटना लिहिणाऱ्याला दिवा माहीत नसतो. त्यामुळे त्याच गाठीने राउटरचा दिवाही चालतो आणि माझ्या कोनाड्यातलाही.

मी हिरव्याला हार्टबीटवर नेमलं. २००६ सालीच अत्सुशी नेमोतो यांनी लिहिलेला हा ट्रिगर वाचताना मी थक्क झाले होते. एकसारखी उघडझाप त्यांना चालली असती, पण त्यांनी हृदय ऐकलं होतं. ७० मिलिसेकंद उजेड, थोडा अंधार, पुन्हा ७० मिलिसेकंद उजेड, मग लांब विसावा. लब-डब, आणि थांबा. शिवाय गती बांधलेली नाही. यंत्रावर गेल्या मिनिटभरात सरासरी किती भार होता ते पाहून प्रत्येक आवर्तनाची लांबी ठरते. भार शून्य असेल तर १२६० मिलिसेकंद, म्हणजे मिनिटाला साधारण ४८ ठोके. भार १ झाला की ८६०, म्हणजे ७०च्या आसपास. ५ झाला की ५१०, म्हणजे ११८. भार कितीही वाढला तरी आवर्तन ३०० मिलिसेकंदांच्या खाली उतरत नाही. निजलेल्या, बसलेल्या आणि जिना चढून आलेल्या माणसाची नाडी हाताला लागावी, तसे हे आकडे आहेत.

अप्पांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी घड्याळ धरून ठोके मोजले. त्यानंतर ते रोज विचारू लागले, “जिवंत आहे ना गं?”

आषाढातली एक रात्र. पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. सकाळी मी नोंदी उघडल्या तर २ वाजल्यानंतरचं पान कोरं. पाऊस मोजणारा प्रोग्रॅम रात्रीच बंद पडला होता. चूक माझ्या लिहिण्यातली होती. कोनाड्यात हिरवा मात्र शांतपणे लब-डब करत होता.

“अगं, हा तर रात्रभर चालू होता. मी दोनदा पाहिला.”

“हो अप्पा, तो चालूच होता.”

त्या सकाळी मला त्याचा स्वभाव नीट समजला. त्याने आम्हाला फसवलं नव्हतं. हार्टबीट कर्नलच्या आतल्या टायमरवर चालतो. कर्नल कोसळला तर तो दिवा विझवतो. कर्नल जागच्या जागी गोठला तर दिवा आहे त्या स्थितीत, पेटलेला किंवा विझलेला, तसाच राहतो. एवढीच साक्ष तो देतो. वर चालणारे प्रोग्रॅम जगले की मेले, पावसाचा थेंब मोजला गेला की वाहून गेला, हे त्याला कुणी कळवलेलंच नव्हतं. जे विचारलं नव्हतं त्याचं उत्तर आम्ही त्याच्या तोंडी घातलं होतं. यंत्रांच्या दिव्यांकडे आपण सगळे असंच बघतो, आणि हे बदलायला हवं असं मला मनापासून वाटतं. दिवा चालू आहे का, एवढं पुरत नाही; तो कशाला बांधला आहे, हे माहीत हवं.

मग मी कामं वाटून दिली. लब-डब लाल दिव्याकडे गेलं. हिरव्याला दिला ‘वनशॉट’, म्हणजे सांगितल्यावर एकदाच उजळायचं. हा ट्रिगर लावला की त्याच्या फोल्डरात ‘शॉट’ नावाची नवी फाइल येते. तिच्यात काही लिहिलं की एक लुकलुक, १०० मिलिसेकंदांची. माझा प्रोग्रॅम दर मिनिटाला पर्जन्यमापक वाचतो आणि आकडा कार्डावर लिहितो. लिहिलेला आकडा परत वाचून पाहतो. तो जुळला, तरच ‘शॉट’मध्ये लिहितो.

अप्पांचा काचेचा जुना पर्जन्यमापक अजून अंगणात आहे. हवामान खात्याच्या रिवाजाप्रमाणे ते सकाळी साडेआठला त्यातलं पाणी मोजतात आणि वहीत लिहितात. मग आत येऊन कोनाड्यासमोर उभे राहतात. हिरवा एकदा लुकलुकेपर्यंत, जास्तीत जास्त मिनिटभर, ते तिथून हलत नाहीत.