बोट लागली नव्हती!



"दादा, तू माणसं तपासतोस, आता जरा बोट तपासायला चल," धाकटा भाऊ म्हणाला. तो इंग्लंडमध्ये साउथॅम्प्टनजवळ राहतो. बायको-मुलींना घेऊन सुट्टीत समुद्रावर भटकण्यासाठी त्याला जुनी शिडाची बोट घ्यायची होती. मी तेव्हा त्याच्याकडेच गेलो होतो.

बोट होती 'वेस्टर्ली सेंटॉर', 26 फुटी, 1970 च्या दशकातली, फायबरग्लासची. हिच्या तळाला एकाऐवजी दोन कील असतात, दोन पायच म्हणा ना. त्यामुळे ओहोटीला ती कलंडत नाही, चिखलात सरळ उभी राहते. आम्ही पोहोचलो तेव्हा ओहोटीच होती.

बाहेर थंडी आणि पाऊस. मालकाने आम्हाला आत बसवलं, सगळ्या झडपा लावल्या, गॅसचा जुना हीटर पेटवला आणि चहा टाकला. अर्ध्या तासात माझं डोकं ठणकू लागलं. भावाची बायको म्हणाली, "भाऊजी, मळमळतंय. मला बोट लागली वाटतं."

मी हो म्हणणार, तेवढ्यात लक्षात आलं की बोट हलतच नाहीये! ती तर चिखलात उभी आहे. मग लागेल कशी? भावाला विचारलं, तर त्याचंही डोकं जड. एकाच खोलीत, एकाच वेळी, सगळ्यांना एकच त्रास. मी सगळ्यांना बाहेर काढलं. हीटर बंद केला. पावसात उभं राहिल्यावर थोड्या वेळात बरं वाटू लागलं.

माझ्या बॅगेत ऑक्सिमीटर होता. आकडा आला 98. तरीही आम्ही हॉस्पिटलात गेलो, आणि रक्ततपासणीत कार्बन मोनॉक्साइड सापडलाच.

हे कसं? हवा अपुरी असली की जळण नीट जळत नाही आणि हा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा 200 पटींहून जास्त घट्ट चिकटतो. साधा ऑक्सिमीटर त्यालाच ऑक्सिजन समजतो. म्हणून आकडा छान आणि माणूस गुदमरलेला, असं होऊ शकतं.

नंतर सर्वेअरने बोट तपासली. तळातल्या झडपा, डोलकाठीच्या तारा, फायबरग्लासमधला ओलावा, सगळं बऱ्यापैकी होतं. हीटरची धूर बाहेर नेणारी नळी मात्र सांध्याशी गंजून फुटलेली होती. भावाने किंमत कमी करून घेतली, हीटर काढून टाकला आणि पहिल्याच दिवशी कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बसवला.

तुम्ही म्हणाल, आमच्याकडे कुठे बोट आहे? पण बाथरूममध्ये गॅस गिझर आहे ना? लहान बाथरूम, बंद दार, बंद खिडकी, म्हणजे तीच कॅबिन. म्हणून एवढं कराच:

• गॅस गिझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवा. दरवर्षी तपासून घ्या.
• तो आतच असेल तर बादली भरा, गिझर बंद करा, हवा खेळू द्या आणि मगच आंघोळीला जा.
• बंद खोलीत शेगडी पेटवून झोपू नका.
• डोकेदुखी, मळमळ, चक्कर घरात होते आणि बाहेर आल्यावर थांबते? घरातल्या इतरांनाही होते? मग हा वायू आठवा.
• कोणी बेशुद्ध पडलं तर दार-खिडक्या उघडा, त्याला बाहेर आणा, 108 ला फोन करा. डॉक्टरांना गिझर किंवा शेगडीबद्दल आवर्जून सांगा.

त्या दिवशी भरती असती, बोट हलत असती, तर मीही "बोट लागली" म्हणून एक गोळी दिली असती आणि आम्ही तिथेच चहा पीत बसलो असतो. हा विचार अजून मनातून जात नाही.

आज घरी गेल्यावर गिझर कुठे आहे ते एकदा बघा. काळजी घ्या.