चिखलातला नांगर

आमच्या अमडापुरात नांगर म्हटला की फाळ आठवतो, रुमणं आठवतं, फार तर एखाद्या बैलाचं नाव. बोट कुणालाच आठवत नाही. मराठीने मात्र दोन्ही वस्तूंना एकच नाव देऊन ठेवलंय. संस्कृतात शेतातला तो लांगल, फारसीत बोटीचा तो लंगर. आपल्याकडे दोघेही नांगर. पेनटाकळीच्या धरणावर जाईपर्यंत मला हा शब्दांचा चावटपणाच वाटत होता.

पैनगंगेच्या त्या पाण्यात गळ टाकून बसायचं म्हणून मावसभावाने मुंबईहून ॲल्युमिनियमचा नांगर आणलेला. दोन चपटे फाळ, मध्ये बिजागरी, पोराने एका हाताने उचलावा इतका हलका. सोबतच्या भोईकाकांनी तो हातावर तोलला आणि आपला दोरी बांधलेला धोंडा नावेत जवळ ओढून ठेवला. बोलले काही नाहीत.

टाकला, दोरी लगेच ताणली आणि वाऱ्यासोबत आम्ही निघालो भिंतीकडे. वर काढला तर फाळ असे लिंपलेले की बिजागरी हलेना. लोण्यासारखा काळा गाळ, कुजलेल्या पाल्याचा वास. कुणाच्या तरी वावरातून वाहून आलेली ही माती. उन्हाळ्यात भेगाळून बैलाचा पाय धरणारी, इथे पाण्याखाली काही म्हणता काही धरेना. धोंडाही घसरतो म्हणा, फक्त सावकाश.

असल्या गाळात वजनाचं फारसं चालत नाही. रिचर्ड डॅनफोर्थ या अमेरिकन माणसाने या जातीचा हलका नांगर काढला, तो दुसऱ्या महायुद्धात किनाऱ्यावर सैन्य उतरवणाऱ्या नावांना लावला गेला. सगळी मदार फाळाच्या रुंदीवर आणि कोनावर. वाळूला ३२ अंश पुरतात, मऊ चिखलाला ४५ लागतात. आमच्या नांगराचा कोन बदलता येत होता. आम्ही तो वाळूवरच ठेवला होता!

मग वडील आठवले. लोखंडी नांगर वर येऊ लागला की ते बैलांवर ओरडत नसत. साखळी दोन कड्या लांबवत. ओढ आडवी झाली की फाळ खाली जातो. गाडीत बैलाची जुनी साखळी होती, ती नांगराला जोडली. पाणी तीन मीटर, दोरी सोडली वीसेक मीटर. मी ओढायला हात घातला तर काका म्हणाले, “दम धरा भाऊ, आत्ताच वढू नोका. मुरू द्या त्याले.” त्यांनी तंबाखू मळली, चुना झटकला, दाढेत धरली. मग हळूच ताण दिला. नावेने वाऱ्याकडे तोंड फिरवलं आणि थांबली.

निघताना मात्र नांगर सुटेना. नाव थेट त्याच्या डोक्यावर नेऊन दोरी उभी केली, तेव्हा गाळाने एकदाचा सोडला. काकांनी फाळ पाण्यात खळबळून धुतले, कडेवरून अंगठा फिरवला.

“घरी न्या भाऊ,” म्हणाले, “तुरीत चालते का पाहा एकडाव.”