ड्राइव्ह रिकामा, तरी जागा नाही

आईच्या भजनी मंडळाच्या कार्यक्रमाचं चित्रीकरण बहिणीला पाठवायचं होतं. सहा जीबीची एकच फाइल आणि ३२ जीबीचा कोरा पेन ड्राइव्ह. तरीही लॅपटॉप म्हणे, या फाइल सिस्टीमसाठी फाइल फार मोठी आहे. जागा पाचपट असताना नकार कसला, ते मला काही केल्या कळेना.

भाचीला फोन लावला. "मामा, प्रॉपर्टीज उघड. फाइल सिस्टीमपुढे काय लिहिलंय?"

"फॅट३२."

"मग ती फाइल त्यात बसणारच नाही."

तिने समजावलं ते असं. ड्राइव्हवर कोणती फाइल कुठे आहे, केवढी आहे, याची नोंदवही म्हणजे फाइल सिस्टीम. फॅट३२ आली १९९६ साली. तिच्यात फाइलचा आकार लिहायचा रकाना ३२ बिटांचा. त्यात मावणारा सर्वांत मोठा आकडा चार जीबीला एक बाइट कमी. त्यापुढची फाइल नोंदवताच येत नाही, मग ड्राइव्ह कितीही मोठा असो.

राइट क्लिक करून 'फॉरमॅट' उघडलं, तर आणखी दोन नावं समोर: एनटीएफएस आणि एक्सफॅट. यातलं काय घ्यायचं?

"आधी सांग, ड्राइव्ह कुठे कुठे लावणार?"

माझा लॅपटॉप विंडोजचा, बहिणीकडे मॅक. तिला त्याच ड्राइव्हवर जुने फोटो भरून परत पाठवायचे होते. एनटीएफएस मॅकवर वाचता येते, पण एरवी तिच्यावर लिहिता येत नाही. एक्सफॅट मायक्रोसॉफ्टने २००६ साली फ्लॅश ड्राइव्हसाठीच आणली. ती दोन्हीकडे चालते आणि चार जीबीची अट तिला नाही. मात्र लिहिणं चालू असताना ड्राइव्ह उपसला तर नोंदी बिघडू शकतात, म्हणून 'इजेक्ट' केल्याशिवाय काढायचा नाही. जुन्या टीव्हीला किंवा गाडीतल्या स्टीरिओला लावायचा असेल, तर बहुधा फॅट३२च लागते.

'अलोकेशन युनिट साइज' होती तशीच ठेवली. 'क्विक फॉरमॅट'ने फक्त नोंदी नव्या होतात, जुना मजकूर खाली तसाच राहतो आणि शोधून काढता येतो. ड्राइव्ह परक्याला द्यायचा असता, तर 'क्विक फॉरमॅट'पुढची खूण मी काढली असती. घरच्या घरी चालतं.

एक्सफॅट निवडून 'स्टार्ट' दाबलं आणि चित्रीकरण सगळं उतरलं. पेन ड्राइव्ह घेताना आपण जीबी तेवढे विचारतो. भाचीचा प्रश्न त्याच्याही आधी विचारायला हवा.