फ्रेम बदलायची तर आधी मापं घे

चि. भाचीस,

तुझ्या सायकलच्या फ्रेमला बीबीजवळ, म्हणजे क्रँकचा एक्सल जिथे फिरतो त्या बॉटम ब्रॅकेटजवळ, चीर गेली आहे. ती वेल्ड करावी, नवी सायकल घ्यावी की फ्रेम तेवढी बदलावी, असं तू विचारलंस. माझं मत आहे की फ्रेम बदल, आणि एखादी पायरी सोडली तर सगळं काम घरीच कर. वेल्डिंगचा विचार मात्र सोडून दे. जुन्या काळ्या सायकलीची फ्रेम साध्या पोलादाची. ती सांधून वर्षानुवर्षं चालवता येते. तुझी फ्रेम ६०६१ ॲल्युमिनियमची आहे. या धातूला वेल्डिंगची उष्णता लागली की सांध्याच्या आसपासचा भाग मऊ पडतो, म्हणून कारखान्यात सगळी फ्रेम जोडून झाल्यावर तिच्यावर पुन्हा उष्णतेची प्रक्रिया करून ताकद परत आणतात. कोपऱ्यावरच्या वेल्डिंगवाल्याकडे त्याची सोय नसते. चीर बुजलेली दिसेल, पण शेजारची नळी आधीपेक्षा दुबळी झालेली असेल.

आता घरी जमेल का, हा प्रश्न. फ्रेम बदलणं हे ताकदीचं काम आहे असं आपण धरून चालतो. खरं तर ते मापांचं आहे, आणि चूक होते ती खरेदीत. सीटची दांडी २७.२ मिलिमीटरची असेल आणि नव्या फ्रेमला २७.४ लागत असेल, तर तो ०.२ चा फरक क्लॅम्प कितीही आवळलास तरी भरून निघत नाही. दांडी खाली सरकते किंवा नळीच चिरते. मागच्या चाकाच्या हबसाठी जुन्या धर्तीच्या रोड सायकलच्या फ्रेममध्ये बहुधा १३० मिलिमीटर जागा असते, तशाच माउंटन सायकलच्या फ्रेममध्ये १३५. पोलादी फ्रेमचे मागचे पाय पाच मिलिमीटर फाकवता येतात, ॲल्युमिनियमचे कधीही फाकवू नयेत. बीबीचं नळकांडं ६८ रुंदीचं आहे की ७३, पुढचा डिरेलर ज्या नळीवर बसतो तिचा व्यास ३१.८ आहे की ३४.९, जुना फोर्क ठेवणार असशील तर त्याची नळी नव्या फ्रेमच्या डोक्यातून पुरेशी वर येते का, हे सगळं व्हर्नियर कॅलिपरनं मोजून कागदावर उतरव. फ्रेम त्यानंतर शोध.

खोलताना बहुतेक जण एकाच ठिकाणी फसतात. इंग्लिश आट्याच्या बीबीत उजव्या बाजूचा कप उलट्या आट्याचा असतो. तो सैल करायला पाना घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं फिरवायचा. डाव्या पायडलचंही तसंच. यामागचं कारण समजलं की दिशा पाठ करावी लागत नाही. एक्सल पुढे फिरतो तेव्हा छर्रे कपाच्या आतून गडगडतात आणि कपाला किंचित उलट्या दिशेनं सरकवू पाहतात. उजवीकडे सुलटा आटा असता तर कप हळूहळू आपोआप सुटला असता. इटालियन पद्धतीत दोन्ही बाजूंना सुलटेच आटे असतात, आणि तिथे उजवा कप सैल होण्याची तक्रार सायकलवाल्यांना चांगलीच ठाऊक आहे.

मेकॅनिकचं पोट यावर चालतं, मग आपण का करावं, असं तू म्हणशील. हा आक्षेप मला खरंच मोलाचा वाटतो. म्हणूनच हेडसेटचे, म्हणजे हँडल ज्यावर वळतं त्या बेअरिंगचे, कप फ्रेमच्या डोक्यात बसवण्याचं काम त्यालाच दे. ते प्रेसनं सरळ रेषेत दाबावे लागतात. हातोडीनं ठोकले तर तिरके जातात आणि नवी फ्रेम पहिल्याच दिवशी बिघडते. नवी सायकलच स्वस्त पडेल, ही शंका मात्र तुझ्या सायकलपुरती मला पटत नाही. चाकं, ब्रेक, क्रँक, शिफ्टर सगळं धडधाकट आहे, आणि सायकलच्या किमतीचा मोठा वाटा याच भागांत असतो. हे भाग साधारण असते, तर मीच नवी घे म्हटलं असतं.

चेन, केबली आणि केबलींची आवरणं मात्र या निमित्तानं नवी घाल. आवरणांची लांबी नव्या फ्रेमला जुळेलच असं नाही. बीबीच्या आट्यांना ग्रीस लाव आणि कपाचे पहिले दोन-तीन फेरे पाना न लावता नुसत्या बोटांनी फिरव. अडलं तर तिथेच थांब, कप बाहेर काढ आणि पुन्हा सरळ लाव. मापांचा कागद मला पाठव, मग फ्रेम बघू.

तुझा मामा