व्याही हॉटेलात?

डिसेंबर जवळ आला की ओळखीपाळखीतून हमखास एक प्रश्न येतो. "तुम्ही जपानला जाऊन आलात ना? थंडीत टोकियोला जायचं तर काय बघायचं आणि खायचं कुठे?" आणि भाच्याचा टोकियोतला मित्रपरिवार त्याला उलटा प्रश्न विचारतो, "पुण्यात हिवाळ्यात काय असतं?" दोन्ही प्रश्नांना यादीने उत्तर देता येतं आणि तशी यादी खाली देतेही. पण दोन हिवाळे आमच्या घराने या याद्यांमध्ये काढले आहेत, आणि त्यातून मला जे वाटलं ते यादीत काही बसत नाही. म्हणून हे जरा लांबण.

आधी नाती सांगते, नाहीतर घोटाळा होईल. ताईचा मुलगा टोकियोत निशिकासाई भागात राहतो. तिकडे आपली इतकी माणसं आहेत की स्टेशनबाहेर मराठी कानावर पडलं तर कुणी वळूनही बघत नाही. त्याच्याच एदोगावा वॉर्डात योगेंद्र पुराणिक २०१९ साली नगरसेवक म्हणून निवडून आले होते. भाच्याने लग्न केलं ते मात्र जपानी मुलीशी. म्हणजे आमच्या बिबवेवाडीच्या ताईला टोकियोचे व्याही मिळाले. भाषा एकमेकांची कुणालाच येत नाही. :)

२०२३च्या डिसेंबरात ताई आणि मी तिकडे गेलो. भाच्याने रंगीत खाने करून एक तक्ता पाठवला होता. १५ आणि १६ डिसेंबरला सेतागायाचा बोरोइची, म्हणजे आपला जुना बाजारच म्हणा, पण १५७८ सालापासून चालत आलेला. १७ ते १९ असाकुसाच्या सेन्सोजी देवळात हागोइता-इची, लाकडी बॅटींवर रेशमी बाहुल्या चिकटवलेल्या असतात त्यांचा बाजार. मग मारुनोउची आणि रोप्पोंगीची रोषणाई. नाताळची गंमत अशी की २५ डिसेंबरला तिकडे सुट्टी नसते, पण आदल्या रात्री स्ट्रॉबेरीचा केक आणि केएफसीचं चिकन खायची पद्धत आहे. १९७४ साली त्या कंपनीने जाहिरात केली आणि ती चक्क परंपरा झाली. आपणही अक्षय्य तृतीयेला सोनं घेतोच की, हसण्यासारखं काही नाही.

खाण्याचं म्हणाल तर शाकाहारी माणसाने एक शब्द पाठ करून जावा, 'दाशी'. हे त्यांचं पाणी, त्यांचा रस्सा, सगळ्याचा पाया. आणि ते बहुतेक वेळा सुकवलेल्या बोनितो माशापासून करतात. वरून भाजी दिसते पण आत मासा असतो. ताई पहिले चार दिवस भात, गाडीवरची भाजलेली रताळी आणि माझ्या पिशवीतल्या दशम्या यांवर होती. ती रताळ्यांची गाडी मात्र विसरू नका. रात्री गल्लीतून गाणं वाजवत येते, आणि त्या थंडीत हातात गरम रताळं धरलं की खाण्याआधीच पोट भरतं.

तोपर्यंत आम्ही प्रवासी होतो. बघायचं ते बघत होतो, फोटो काढत होतो, पाय दुखत होते.

३१ तारखेला व्याह्यांनी घरी बोलावलं. सेतागायात त्यांचं छोटंसं दुमजली घर आहे. त्या रात्री तोशिकोशी सोबा खातात, लांब शेवया, सरतं वर्ष ओलांडून जायला. विहीणबाईंनी ताईसाठी वेगळं पातेलं ठेवलं होतं. कोम्बू नावाचं समुद्री शेवाळ आणि सुकी शिताके अळंबी रात्रभर भिजवून तिचा दाशी केला होता. पातेल्यावर कागद चिकटवून त्यावर देवनागरीत 'ताई' लिहिलं होतं. मुलीकडून अक्षरं गिरवून घेतली होती म्हणे. ताई बराच वेळ त्या कागदाकडेच बघत होती. मध्यरात्री जवळच्या देवळात घंटेचे १०८ ठोके झाले. एकशे आठ का, ते आम्हाला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. ताईच्या पर्समध्ये जपमाळ होतीच.

आता मुद्द्याची गोष्ट. एक ते तीन जानेवारी टोकियोतली बरीच हॉटेलं आणि दुकानं बंद असतात. अगदीच उपाशी राहावं लागत नाही, चोवीस तासांची दुकानं उघडी असतात. पण शहराने दार लावून घेतलेलं असतं. सगळे आपापल्या घरात. लाखेच्या डब्यांत ओसेची भरून ठेवलेली असते, गोड काळे घेवडे, रताळ्या-चेस्टनटचा गोळा वगैरे. तीन दिवस चूल पेटवायला नको म्हणून आधीच करून ठेवतात. अशा वेळी हॉटेलातला माणूस खिडकीतून रस्ता बघत बसतो. आम्ही त्या दाराच्या आत होतो, एवढाच काय तो फरक.

दुपारी चार वाजून गेले होते आणि सगळ्यांचे फोन एकदम ओरडायला लागले. तो नोतोचा भूकंप होता, ७.६ क्षमतेचा. टोकियोपासून दूर, पण आमचाही दिवा हळूहळू झुलायला लागला, होडीत बसल्यासारखं वाटलं. टीव्हीवरची निवेदिका किंचाळून 'पळा' सांगत होती. विहीणबाईंनी आधी गॅस बंद केला, मग दार उघडून ठेवलं, मग येऊन ताईच्या शेजारी बसल्या आणि तिचा हात धरला. बोलणार काय? हाच एक शब्द होता. टीव्हीवर पडलेली घरं दिसत होती. त्यात शेकडो माणसं गेली. दुसऱ्या दिवशी राजवाड्यासमोर बादशहांचं दर्शन असतं, ते रद्द झालं. तक्त्यातला शेवटचा खाना रिकामाच राहिला आणि त्याचं कुणाला काही वाटलं नाही.

हे सगळं सांगितलं कारण पुढच्या वर्षी, २०२४च्या डिसेंबरात, व्याही पुण्याला आले तेव्हा भाच्याने त्यांच्यासाठी स्वारगेटजवळ हॉटेल बुक केलं. त्याचं बरोबर होतं. ताईचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, बाथरूम एक, ताईचं वय चौऱ्याहत्तर. पण ताईने फोनवर एवढंच विचारलं, "व्याही हॉटेलात?"

मानापानाचा प्रश्न होता असं भाच्याला वाटलं. मला तसं वाटलं नाही. ज्या बाईने हात धरला, तिला रिसेप्शनवर सही करून खोलीत जायला लावायचं? पण ताईचे गुडघे मीही बघते रोज. शेवटी तह झाला. झोपायला हॉटेल, बाकी दिवसभर घर.

मग पुण्याची यादी. भाच्याने पहिल्याच दिवशी त्यांना सिंहगड रोडवरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात नेलं. जपानी माणसाला पुण्यात आणून जपानी बाग दाखवायची! ओकायामाच्या कोराकुएनवरून केलेली आहे. व्याही शांतपणे सगळं फिरले, एका झुडपाची छाटणी वाकून पाहिली आणि मान डोलावली. पास झालो असावं. 'पूर्वरंग'मध्ये जपान लिहिणाऱ्या माणसाचं नाव त्या बागेला आहे, हे मात्र त्यांना फार आवडलं.

सवाई आम्हाला जवळचं झालं आहे. २०१८पासून महोत्सव रमणबागेतून मुकुंदनगरला महाराष्ट्रीय मंडळाच्या मैदानावर आला. बिबवेवाडीकरांना घरचंच कार्य. भीमसेनजींनी १९५३ साली गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केलेली ही बैठक पूर्वी पहाटेपर्यंत चालायची. आता रात्री दहाला थांबते, एखाद्या दिवशी परवानगी मिळाली तर बाराला. त्या वर्षी १८ डिसेंबरला सुरू झाला तेव्हा झाकीर हुसेन जाऊन तीनच दिवस झाले होते. व्याह्यांनाही ते नाव माहीत होतं. भारतीय बैठकीवर ते चार तास पाठ न टेकता बसले, आणि आजूबाजूचे पुणेकर त्यांच्याकडे बघून सावरून बसले. :) मध्यंतरात स्टॉलवरची भजी आणि चहा. हे गाण्याइतकंच महत्त्वाचं, सवाईला जाणाऱ्यांना सांगायला नको.

नंतर सिंचननगरला भीमथडी जत्रा, बचत गटांच्या बायकांच्या हातचं मांडे, भाकरी, ठेचा. पाहुण्याला एका संध्याकाळी महाराष्ट्र खायला घालायचा असेल तर डिसेंबरच्या उत्तरार्धात याहून सोपी जागा नाही. आणि सोलापूर रस्त्याला एका शेतावर हुरडा. शेणींच्या आगटीत गुळभेंडीची कणसं खुपसायची, गरम असतानाच हातावर चोळायची, फुंकर मारायची आणि लसणीची चटणी, दही, गूळ यांच्याबरोबर तोंडात टाकायची. व्याहीबुवांनी चोळणाऱ्या माणसाकडे दोन मिनिटं बघितलं आणि तिसऱ्या मिनिटाला त्याच्या शेजारी बसले. विहीणबाई म्हणाल्या, रताळ्याच्या गाडीसारखाच वास येतो.

पण मला सांगायचा आहे तो २१ डिसेंबर. त्या दिवशी यादीत काहीच नव्हतं. सकाळी चहाला बोलता बोलता सुनेने सांगितलं की आज 'तोजी', वर्षातला सगळ्यात लहान दिवस. त्यांच्याकडे आज युझू नावाची लिंबाच्या जातीची फळं टाकून गरम पाण्यात बसतात आणि लाल भोपळा खातात. ताई काही बोलली नाही. उठून मला पिशवी दिली आणि म्हणाली, "मार्केट यार्डातून ईडलिंबं आण. आणि भोपळा, चांगला पिकलेला बघून."

घरात टब कुठला? बादलीच. ताईने कढत पाण्यात दोन ईडलिंबं सोडली, बाथरूमभर वास सुटला. विहीणबाई आंघोळ करून आल्या तेव्हा त्यांचे डोळे लाल होते. फरशीच्या गारव्याने असेल. आपल्या घरांची ही एक गंमत आहे, पारा बारावर असतो आणि घरात बाहेरच्यापेक्षा जास्त गारठतं. ताईने त्यांना पायमोजे दिले, भोपळ्याचे घारगे केले, वर साजूक तूप. त्या दिवशी संध्याकाळी कुणीही हॉटेलवर परत जायचं नाव काढलं नाही. बाहेरच्या खोलीत गाद्या घातल्या. उरलेले सगळे दिवस त्या तिथेच होत्या. हॉटेलचे पैसे फुकट गेले, भाचा अजून हिशेब सांगतो.

मला तेव्हापासून वाटतं की उन्हाळ्या-पावसाळ्यातले सण रस्त्यावर येतात, थंडीतले बरेचसे घरात असतात. सात जानेवारीला ते सात पालेभाज्या घालून भाताची पेज करतात. आपल्याकडे त्यानंतर आठवडाभरातच भोगीची भाजी, घेवडा, गाजर, ओला हरभरा, बोरं, ऊस सगळं एका कढईत, आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी. दोन्ही पदार्थ कुणाच्या तरी चुलीशेजारी बसून खायचे आहेत. सवाईचं तिकीट मिळतं, हुरड्याचं बुकिंग होतं, रोषणाई तर फुकटच आहे. चुलीशेजारचा पाट मात्र कुणीतरी मांडावा लागतो.

आता दुखतं ते सांगते. ताईची सोसायटी गेल्या वर्षी रिडेव्हलपमेंटला गेली. बिबवेवाडीत जुन्या इमारती एकेक करून चालल्याच आहेत. कागदावर सगळं चांगलं आहे, लिफ्ट मिळेल, दोन बाथरूम मिळतील. सध्या ती अप्परकडे भाड्याच्या वन बीएचकेत आहे. करारात तीन वर्षं लिहिली आहेत. तीन वर्षांनी ताई ऐंशीच्या जवळ पोचेल. भाचा म्हणतो तू टोकियोला ये कायमची. ती हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. मी तिला एकदा विचारलं, तर म्हणाली, "मी तिकडे गेले तर ती दोघं इकडे कुणाकडे येतील?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडे येतील, असं मी म्हटलं. ती हसली.

जपानात नववर्षाचं कार्ड पाठवतात, ते पोस्ट बरोबर एक जानेवारीला घरोघरी पोचवतं. आपल्याकडे यायला संक्रांत होते. यंदाचं कार्ड जुन्या पत्त्यावर आलं. तिथे आता भोवतीने पत्रे ठोकलेले आहेत. आमच्या पोस्टमनने ते ताईच्या भाड्याच्या घरी आणून दिलं, तिळगूळ घेऊन गेला. कार्डावर एका कोपऱ्यात देवनागरीत 'ताई' लिहिलेलं आहे. अक्षर आता पुष्कळ सुधारलं आहे.

तर ज्यांना यादी हवी होती त्यांना ती मिळाली. टोकियोला जाताना 'दाशी' शब्द लक्षात ठेवा, आणि जमलं तर एक जानेवारीला कुणाच्या तरी घरी असा. पुण्यात कुणाचे पाहुणे येणार असतील आणि २१ डिसेंबर मध्ये येत असेल, तर मार्केट यार्डात ईडलिंबं मिळतात.