दवाखान्याच्या आवारातला बाक

गरीब देशाने मानसिक आजारांसाठी आधी काय करावं, असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: मानसोपचारतज्ज्ञ वाढवा, रुग्णालयं बांधा. झिम्बाब्वेत काय घडलं ते वाचत गेले आणि हे उत्तर मला अपुरं वाटू लागलं. २००५ मध्ये तिथल्या सरकारने शहरांतल्या वस्त्या पाडल्या. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार सुमारे ७ लाख लोकांचं घर, रोजगार किंवा दोन्ही गेलं. त्याच सुमारास हरारेतले मानसोपचारतज्ज्ञ डॉ. डिक्सन चिबांडा यांच्या एका तरुण रुग्णाने आत्महत्या केली. तिला रुग्णालयात आणायला आईजवळ बसभाडंही नव्हतं. रुग्णालय होतं, डॉक्टर होते, तिथवर पोचणं मात्र परवडत नव्हतं. २००६ मध्ये म्बारे वस्तीत चिबांडांनी काम सुरू केलं ते १४ आज्यांना हाताशी धरून. दवाखान्याच्या आवारात एक बाक, हातात शोना भाषेतली १४ प्रश्नांची यादी: गेल्या आठवड्यात झोप उडाली होती का, पोटात दुखत होतं का, रडावंसं वाटलं का, जीव नकोसा झाला का. मग येणाऱ्याच्या अनेक अडचणींतली त्यानेच निवडलेली एक घ्यायची आणि तिच्यावर पुढचं पाऊल काय, हे दोघांनी मिळून ठरवायचं.

आज्यांच्या जुजबी प्रशिक्षणावर विसंबून कुणाचं मन त्यांच्याकडे सोपवायचं का, हा आक्षेप रास्त आहे. त्याला भावनेने उत्तर देऊन भागणार नाही. हरारेच्या २४ दवाखान्यांत ५७३ जणांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. सहा महिन्यांनंतर नैराश्याची लक्षणं बाकावर बसलेल्यांपैकी सुमारे १४ टक्क्यांत उरली होती, तर दुसऱ्या गटात जवळपास ५० टक्क्यांत. आणि त्या दुसऱ्या गटाला वाऱ्यावर सोडलेलं नव्हतं. नेहमीच्या उपचारांहून थोडं अधिकच त्यांना मिळत होतं. ‘माणूस उपाशी असताना बोलून काय होणार?’ असंही विचारलं जातं. बोलण्याने भाकरी मिळत नाही, हे खरंच. पण नैराश्याने खचलेल्या बाईला कामाच्या शोधात घराबाहेर पडणंच अशक्य होतं, आणि बाकावरचं बोलणं नेमकं तिथूनच सुरू होतं.

मला जास्त काळजी वाटते ती या यशाच्या सोयीस्कर वापराची. तीव्र मनोविकार असलेले आणि आत्महत्येच्या उंबरठ्यावरचे रुग्ण त्या चाचणीत घेतलेच नव्हते. त्यांना डॉक्टर लागतो, औषध लागतं, आणि तेही महिन्याच्या महिन्याला न चुकता. आज्या आहेत म्हणून औषधखरेदीला कात्री लावणारं सरकार आजीलाच तोंडघशी पाडतं, कारण यादीतल्या जीव नकोसा झाल्याच्या प्रश्नाला ‘हो’ आलं तर तिने रुग्णाला पाठवायचं कुठे? बाक कुठे मांडायचा, हेही महत्त्वाचं. गोव्यातही साध्या समुपदेशकांना घेऊन अशी चाचणी झाली, १२ सरकारी आरोग्य केंद्रांत आणि १२ खाजगी दवाखान्यांत. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांत फायदा स्पष्ट दिसला तो सरकारी केंद्रांत, खाजगीत नाही. गोव्यातल्या चाचणीचे एक प्रमुख संशोधक डॉ. विक्रम पटेल यांनी त्याआधी हरारेत काम केलं होतं. शोनातली ती प्रश्नावलीही त्यांच्याच तिथल्या संशोधनातून आली. गोव्याचा हा अनुभव पाहता विस्तार करायचा तर तो सरकारी दवाखान्यातच व्हावा, आणि आजीचं मानधन, तिच्यावर देखरेख करणारी परिचारिका आणि गोळ्यांचा साठा या तिन्हींची तरतूद एकाच अंदाजपत्रकात असावी.