बेडकाचं हृदय, धोतरा आणि फवारणीचं ‘औषध’

आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकाला कोणी विष म्हणत नाही. "कपाशीवर औषध मारलं का?" असंच विचारतात. डॉक्टर देतो तेही औषध आणि पंपात भरतात तेही औषध. गंमत म्हणजे या दोन ‘औषधां’चं नातं खरोखरच जवळचं आहे. त्याची गोष्ट आज सांगतो, कारण ती माहीत असली तर फवारणीच्या हंगामात एखाद्याचा जीव वाचू शकतो.

गोष्ट सुरू होते ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात. नस हृदयाला हुकूम देते तो विजेने की एखाद्या रसायनाने, हा त्या काळातला मोठा वाद होता. ऑटो लोवी या शास्त्रज्ञाला १९२१ मध्ये एका रात्री झोपेत एक प्रयोग सुचला. त्याने अर्धवट जागेपणी तो कागदावर खरडला, पण सकाळी स्वतःचंच अक्षर त्याला लागेना! दुसऱ्या रात्री पुन्हा तोच विचार आला, तेव्हा मात्र तो उठून थेट प्रयोगशाळेत गेला. त्याने बेडकाच्या हृदयाची नस उत्तेजित करून त्याचे ठोके मंद केले. मग त्या हृदयाभोवतालचं द्रव दुसऱ्या बेडकाच्या हृदयावर सोडलं, तर तेही मंद झालं. म्हणजे हुकूम रसायनातून जात होता. हे रसायन म्हणजे अ‍ॅसिटिलकोलीन. या संशोधनासाठी लोवी आणि हेन्री डेल यांना १९३६ चं नोबेल पारितोषिक मिळालं.

हे रसायन आपलं काम करून लगेच नाहीसं व्हावं लागतं. त्यासाठी शरीरात एक एन्झाइम असतं, कोलीनएस्टरेज. ते या रसायनाचे तुकडे करतं. अ‍ॅसिटिलकोलीन हा नळ समजा, तर हे एन्झाइम म्हणजे तो बंद करणारा हात.

आता योगायोग बघा. त्याच १९३६ च्या डिसेंबर महिन्यात जर्मनीत गेरहार्ड श्राडर हा रसायनतज्ज्ञ पिकावरच्या किडींसाठी नवीन द्रव्य शोधत होता. त्याने तयार केलेल्या एका द्रव्याने किडी झटपट मेल्या. पण जानेवारीत त्याचा थोडासा अंश सांडला आणि श्राडर व त्याचा सहकारी दोघांच्याही डोळ्यांतल्या बाहुल्या बारीक झाल्या, समोर अंधारल्यासारखं झालं, श्वास जड झाला. हे द्रव्य म्हणजे ‘टाबुन’. जर्मन सैन्याने ते लगेच ताब्यात घेतलं. त्याच कुळात पुढे सरीन वायू आला, ज्याने १९९५ मध्ये टोकियोच्या भुयारी रेल्वेत माणसं मारली. आणि त्याच कुळातून ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशकंही आली. आपल्या कृषी केंद्रांतून वर्षानुवर्षं विकलं गेलेलं मोनोक्रोटोफॉस त्यांपैकीच एक. तीव्रतेत फरक आहे, पण मारण्याची रीत एकच: नळ बंद करणारा हातच बांधून टाकायचा.

मग शरीरात काय होतं? लाळ गळते, घाम फुटतो, डोळ्यांना धूसर दिसतं, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, पोटात मुरडा येतो, उलट्या-जुलाब होतात, स्नायू फडफडतात. फुफ्फुसांत पाणी साचतं आणि श्वासाचे स्नायू थकतात. मृत्यू येतो तो बहुधा श्वास थांबल्याने.

या विषावरचा मुख्य उतारा अ‍ॅट्रोपिन. ते मिळालं बेलाडोना या युरोपातल्या वनस्पतीतून. बेलाडोना म्हणजे इटालियन भाषेत ‘सुंदर स्त्री’. तिथल्या स्त्रिया डोळे टपोरे दिसावेत म्हणून तिचा रस डोळ्यांत घालत, त्याने बाहुल्या मोठ्या होतात. आणि अ‍ॅट्रोपिन हे नाव आलं ग्रीक पुराणातल्या अ‍ॅट्रोपॉसवरून. ती आयुष्याचा धागा कापणारी देवी. पण विषबाधेच्या वॉर्डात नेमकं तेच द्रव्य धागा तुटू देत नाही. हेच द्रव्य आपल्या बांधावरच्या धोतऱ्यातही असतं. महाशिवरात्रीला ज्याचं फळ आपण हलाहल पचवणाऱ्या शंकराला वाहतो, तोच धोतरा! पण एक नीट ऐका: धोतरा घरी कधीही देऊ नका. त्यात द्रव्य किती आहे याचा अंदाज बांधता येत नाही आणि त्याची स्वतःचीच विषबाधा जीव घेते.

२०१७ च्या हंगामात आपल्या जिल्ह्यात फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो रुग्णालयात दाखल झाले. त्यांनी विष प्यायलं नव्हतं. ते कातडीतून आणि श्वासातून गेलं. त्या वर्षी पऱ्हाटी डोक्याएवढी वाढली होती, त्यामुळे फवारा अंगावर येत होता. शिवाय अनेकांनी दोन-तीन द्रव्यं एकत्र मिसळली होती. इथेच डॉक्टरांची अडचण होते. अ‍ॅट्रोपिन ऑर्गॅनोफॉस्फेट आणि कार्बामेट या गटांवर चालतं. इतर कित्येक कीटकनाशकांना उताराच नाही, फक्त श्वास आणि रक्तदाब सांभाळावा लागतो.

म्हणून एवढं लक्षात ठेवा:

– वाऱ्याच्या दिशेनेच फवारा, वाऱ्याच्या विरुद्ध नको. पूर्ण बाह्या, हातमोजे, मास्क, चष्मा वापरा. नुसता दुपट्टा बांधून भागत नाही, तो भिजला की विष तोंडाशीच राहतं.
– डब्यावरचा त्रिकोण बघा. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा.
– त्रास सुरू झाला तर त्याला वावराबाहेर आणा, सगळे कपडे काढा, साबण-पाण्याने अंग आणि केस धुवा. धुणाऱ्यानेही हातमोजे घालावेत.
– दूध, तूप, मिठाचं पाणी पाजू नका, उलटी करवू नका.
– लगेच दवाखान्यात न्या आणि डबा किंवा त्यावरची चिठ्ठी सोबत आणा. मिश्रण असेल तर सगळे डबे आणा.

दवाखान्यात अ‍ॅट्रोपिन सुरू झाल्यावर रुग्णाचं तोंड कोरडं पडतं, कधी तो बडबडतो. नातेवाईक घाबरतात. अशा वेळी डॉक्टरांना जरूर सांगा, मात्रा कमी-जास्त करता येते. आणि बरं वाटलं म्हणून दुसऱ्याच दिवशी सुट्टी मागू नका. या विषबाधेत एक ते चार दिवसांनी मानेचे आणि श्वासाचे स्नायू पुन्हा ढिले पडू शकतात. उशीवरून मान उचलता येत नसेल, तर तो धोक्याचा इशारा आहे.

आणि शेवटची विनंती. घरात, वावरात, कृषी केंद्रात त्याला ‘औषध’ म्हणणं आता सोडू या. औषधाची भीती कोणाला वाटत नाही. विषाला विष म्हटलं, की हात आपोआप मोज्याकडे जातो.